मुलखाचे कागद : गोखले संस्थेच्या ग्रंथालयाची वाटचाल

पुण्यात जुन्या कागदांना तोटा नाही. पेशवे दफ्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, भांडारकर संस्था आहे, डेक्कन कॉलेज आहे. मराठ्यांच्या इतिहासावर काम करणारा माणूस यांपैकी एका तरी दारात पायताण काढतोच. गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाची पायरी मात्र बखरी आणि मोडी रुमाल शोधणारे सहसा चढत नाहीत. इथे येतो तो जमिनीच्या साऱ्याचा, दुष्काळाचा, कालव्याचा, खानेसुमारीचा आणि बाजारभावाचा माग काढणारा. राजाने कोणती लढाई जिंकली हे त्याला ठाऊक असते. त्या राजाच्या मुलखात गहू काय भावाने विकला जाई, विहिरी किती होत्या आणि सावकाराकडे किती जमिनी गहाण पडल्या, हे त्याला हवे असते. आज हेच कागद संगणकाच्या पडद्यावर उघडतात आणि माणदेशातल्या किंवा खानदेशातल्या शाळामास्तरालाही आपल्या तालुक्याचा इतिहास घरी बसून वाचता येतो. हे कसे घडले, कोणाकोणाच्या हातून घडले, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने एकत्र नोंदवून ठेवणे उचित होईल.

१९०५ ते १९२० : वादासाठी जमवलेली पुस्तके

१२ जून १९०५ रोजी फर्ग्युसन कॉलेजामागच्या टेकडीवर नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची स्थापना केली. त्यांच्यासह पहिली शपथ घेणारे तिघे म्हणजे नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन. सोसायटीचा संसार सुरू झाला आणि त्याच संसारात आपल्या ग्रंथालयाचा जन्म झाला. त्याला वेगळे उद्घाटन, वेगळी कोनशिला असे काही नव्हते. सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. त्यातला बराच काळ पुण्याच्या निवासात बसून अभ्यास करावा, मग देश हिंडावा, असा शिरस्ता होता. अभ्यास करायचा तर पुस्तके हवीत. म्हणून पुस्तके आली.

कोणती पुस्तके, हा प्रश्न महत्त्वाचा. गोखले हे न्यायमूर्ती रानड्यांच्या तालमीत तयार झालेले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम करताना सरकारी अहवालांचा कसून अभ्यास करण्याची सवय त्यांना लागली होती. आकडेशास्त्रातले त्यांचे दुसरे गुरू म्हणजे सोलापूरचे शिक्षक गणेश व्यंकटेश जोशी. हा माणूस शाळेत शिकवी आणि उरलेल्या वेळात साम्राज्याचे हिशेब तपाशी. १८९७ साली विलायतेत वेल्बी आयोगापुढे गोखल्यांनी दिलेली साक्ष आणि १९०२ पासून कायदेमंडळात केलेली अंदाजपत्रकावरची भाषणे यांत जे बळ होते ते या शिस्तीचे होते. आकडे सरकारचेच घ्यायचे आणि निष्कर्ष सरकारच्या पदरात टाकायचा. त्यासाठी सरकारने काय छापले आहे ते आपल्या कपाटात असले पाहिजे. तेव्हा आयोगांचे अहवाल, मुंबई इलाख्याच्या दफ्तरातून निवडून छापलेले कागद, गॅझेटियर, खानेसुमारीचे खंड, कायदेमंडळांची कामकाजे अशी रुक्ष पुस्तके जमू लागली. कोणी कादंबरी मागायला आला असता तर त्याला नगर वाचन मंदिराकडे बोट दाखवावे लागले असते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेहून परतलेले गांधीजी सोसायटीत येऊन गेले होते. सोसायटीत त्यांनी यावे की नाही यावर पुढे बराच खल झाला आणि त्यांनी स्वतःच तो विषय मिटवला. नामदार श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले. १९१८ साली ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ हे इंग्रजी साप्ताहिक निघाले. देवधरांची सहकारी चळवळ, ना. म. जोशी यांचे मुंबईतले कामगारकार्य, ठक्कर बाप्पांचे भिल्ल भागातले काम, अशा सर्व दिशांनी छापील कागद पुण्याकडे येत राहिला. सभासद गावोगाव हिंडत आणि परतताना पिशवीत एखादा अहवाल, एखादे पत्रक घेऊन येत. ग्रंथालयाचा एक मोठा हिस्सा असा पिशव्यांतून आलेला आहे.

१९३० चे दशक : काळे, गाडगीळ आणि तालुका

साताऱ्याचे रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांनी दिलेल्या देणगीतून ६ जून १९३० रोजी गोखले संस्था सुरू झाली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. नाशिकचा जन्म, केंब्रिजचे शिक्षण आणि तिथल्या प्रबंधातून १९२४ साली निघालेले भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचे पुस्तक, एवढी शिदोरी घेऊन ते आले, त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षेही पुरे नव्हते. सोसायटीचे ग्रंथालय आणि संस्थेचे ग्रंथालय एकच राहिले. पैसा बेताचा असल्याने ही सोय झाली हे खरे. पण त्यामुळे पंचवीस वर्षांचा साठा नव्या संस्थेला पहिल्याच दिवशी हाताशी मिळाला.

गाडगीळांनी या साठ्याला जोड दिली ती पाहणीची. जुने सरकारी कागद वाचायचे, मग प्रत्यक्ष गावात जाऊन आजची स्थिती नोंदवायची आणि दोन्ही शेजारी मांडून पाहायची. १९३३ साली पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध झाली. १९३५ साली मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार वाहतुकीची निघाली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्याआधी खासगी मोटारवाले कुठून कुठे जात, भाडे काय घेत, आपसांतल्या चढाओढीत कसे बुडत, हे कळायचे तर त्या पाहणीकडेच जावे लागते. १९४० साली वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी आली. धोम धरणाच्या चार दशके आधीचा वाई तालुका त्या पानांत आहे.

२९ जानेवारी १९३९ रोजी संस्थेच्या वार्षिक समारंभात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्याच्या योजनेवर व्याख्यान दिले. ‘फेडरेशन व्हर्सस फ्रीडम’ या नावाने ते पुस्तकरूपाने निघाले. आज डिजिटल संग्रहात ज्या पुस्तकांना वाचक आवर्जून शोधतात त्यांत याचा समावेश करावा लागेल.

१९४० आणि १९५० ची दशके : पाहणीच इतिहास होते

पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी १९३० च्या दशकातच झाली होती. तिचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली छापून निघाला. कोणत्या पेठेत कोणती माणसे, त्यांचा धंदा कोणता, मिळकत किती, कोण कुठून आले, याची इतकी तपशीलवार नोंद त्या काळात भारतातल्या थोड्याच शहरांची झाली असेल. कोल्हापूर शहराची पाहणी नी. वि. सोवनी आणि सहकाऱ्यांनी केली. तिचे खंड १९४८ ते १९५२ या काळात निघाले, म्हणजे संस्थान विलीन होत असतानाच. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात आले. राजधानीचे गाव जिल्ह्याचे गाव होत असतानाचे कोल्हापूर या खंडांत सापडते. दरबारी इतिहासात ते सापडणार नाही.

गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी १९४८ साली आली. पुढे दोनच वर्षांत लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच झाले. ग्रंथालयात बसून कालव्याचे हिशेब करणारा माणूस त्याच कालव्याच्या काठी जाऊन शेतकऱ्यांबरोबर कारखाना काढतो, ही गोष्ट आमच्या संस्थेच्या इतिहासात सर्वांत अभिमानाची म्हणायला हवी. नगर जिल्ह्याच्या सहकाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने आधी १९४८ चा हा अहवाल वाचावा. कालव्याचे पाणी आले पण त्याचा लाभ सर्वांना सारखा का झाला नाही, हे त्यात नीट मांडले आहे.

१९५४ साली कृषी-आर्थिक संशोधन केंद्र सुरू झाले. मुंबईच्या १९४८ च्या कूळकायद्याचा अंमल कसा झाला याचा वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांचा अहवाल १९५७ साली निघाला. त्याच वर्षी वि. म. दांडेकर आणि जगताप यांचे ‘महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना’ मराठीत आले. १९५९ पासून ‘अर्थविज्ञान’ हे त्रैमासिक निघू लागले. या सर्वांच्या मागे जे तपासनीस सायकलवरून गावोगाव हिंडले, चावडीत बसून तक्ते भरले आणि रात्री कंदिलाच्या उजेडात बेरजा जुळवल्या, त्यांची नावे अहवालांच्या प्रस्तावनेत एका ओळीत आटोपलेली असतात. या लेखातही त्यांचे ऋण सामुदायिकच मानावे लागत आहे.

१९६० चे दशक : पूर आणि नवे राज्य

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांत किती कुटुंबे उद्ध्वस्त झाली, कोण कुठे हलले, पुनर्वसनाच्या वसाहतींत त्यांचे काय झाले, याची पाहणी सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी केली आणि ती १९६७ साली पुस्तकरूपाने आली. पुराच्या आठवणी पुण्यात घरोघरी आहेत. पण आठवण आपल्या वाड्यापुरती असते. सबंध शहराचा हिशेब या पुस्तकात आहे.

१९६० च्या महाराष्ट्राने ग्रंथालयापुढे एक नवा प्रश्न ठेवला. आपला साठा मुख्यतः मुंबई इलाख्याचा. आता विदर्भ आणि मराठवाडा हेही घरचेच झाले होते. विदर्भासाठी मध्यप्रांत-वऱ्हाडचे जमाबंदी अहवाल पाहावे लागतात, मराठवाड्यासाठी हैदराबाद संस्थानचे. पुण्यात बसून मराठवाड्याचा आर्थिक इतिहास लिहिणे अवघड जाते याचे एक कारण कागदाच्या या भूगोलात आहे. निजामी राज्याचा कारभार वेगळा, भाषा वेगळी, छापण्याची रीत वेगळी. त्यामुळे कोणताही एक संग्रह सबंध महाराष्ट्राचा असू शकत नाही, आणि आपणही तसा दावा कधी केला नाही.

१९६६ साली गाडगीळ संचालकपदावरून निवृत्त झाले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि मग नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून त्यांनी काम केले. संस्थेची सूत्रे दांडेकरांकडे आली.

१९७० आणि १९८० ची दशके : दुष्काळ आणि अनुशेष

३ मे १९७१ रोजी धनंजयराव गेले. आज ग्रंथालय त्यांचेच नाव धारण करते. त्याच वर्षी दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि दारिद्र्यरेषेच्या चर्चेला दिशा मिळाली. लगेच १९७२ चा दुष्काळ आला. त्या काळात वाचनकक्षात जुन्या दुष्काळ आयोगांचे अहवाल पुन्हा टेबलावर आले. १८८०, १८९८, १९०१. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर मजुरी किती ठरवली होती, हे रोजगार हमीचा विचार करणाऱ्यांना पाहून घ्यायचे होते.

१९८३ साली महाराष्ट्र सरकारने प्रादेशिक असमतोलाच्या चौकशीसाठी दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ साली आला. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा एकेका बाबतीत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे हे समितीने मोजले आणि अनुशेषाचा आकडा तीन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. विदर्भ-मराठवाड्याच्या प्रश्नावरचे राजकारण त्या आकड्याभोवती कित्येक वर्षे फिरत राहिले. प्रदेशाचा इतिहास म्हणजे केवळ अभिमानाची गोष्ट नसते, हिशेबाचीही असते, हे या अहवालाने सर्वांना दाखवून दिले.

ग्रंथालयात या वर्षांत जागा कमी पडू लागली. संयुक्त राष्ट्रांच्या प्रकाशनांचे ठेव-ग्रंथालय म्हणून येणारा छापील माल वेगळा. कागद पिवळा पडत होता, बांधणी सुटत होती. संस्था म्हटली की मतभेद येतात, तसे ते इथेही आले. इतिवृत्तांत त्यांची नोंद आहे आणि तिथेच ती राहू द्यावी. वाचनकक्ष मात्र सुरू राहिला.

१९९० चे दशक : विद्यापीठाचा दर्जा

१९९३ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विद्यार्थी वाढले, अभ्यासक्रम वाढले, ग्रंथालयात संगणक आले. कार्डांच्या खणांतून वर्षानुवर्षे हाताने लिहिलेली तालिका यंत्रात उतरवण्याचे काम सुरू झाले. पुढे डिजिटलीकरण जमले ते या कंटाळवाण्या कामामुळे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पुस्तकाचे नाव, वर्ष आणि दाखल क्रमांक बिनचूक नोंदलेला नसेल तर स्कॅन केलेली हजार पाने म्हणजे नुसता ढीग.

२००० नंतर : पडद्यावरचे कपाट

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या देशव्यापी प्रकल्पाने जुनी पुस्तके स्कॅन करण्याची लाट आणली. आपल्या ग्रंथालयानेही जुनी आणि दुर्मीळ पुस्तके स्कॅन करून ‘डी-स्पेस’ या खुल्या प्रणालीवर ठेवली. ही प्रणाली अमेरिकेतील एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकर्ड यांनी २००२ साली तयार करून सर्वांना मोफत दिली. प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचे नाव आणि ‘जीआयपीई-पुणे’ या अक्षरांपुढे दाखल क्रमांक असलेले एक पान येते. जगात कुठेही बसलेल्या अभ्यासकाला हे पान आता ओळखीचे झाले आहे. खाली सोसायटीचा जुना शिक्काही पुष्कळदा दिसतो.

हे काम दिसते त्यापेक्षा किचकट आहे. शंभर वर्षांचा कागद उलटताना कोपऱ्यात तुटतो. अहवालांतले नकाशे आणि मोठे तक्ते घडी घालून बांधलेले असतात. घाईत त्यांची घडी उघडायची राहून जाते आणि वाचकाला पडद्यावर नकाशाची पाठ दिसते. घट्ट बांधणीत आतल्या ओळी गिळल्या जातात. इंग्रजी अक्षरे यंत्राला बऱ्यापैकी वाचता येतात, पण शिळाछापाच्या मराठीपुढे ते अजून अडखळते. हक्कांचा प्रश्नही आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि सरकारी प्रकाशनाला छापल्यापासून ६० वर्षे संरक्षण असते. सुदैवाने आपल्या साठ्यातला सर्वांत मोलाचा भाग या मुदतीबाहेरचा आहे. सरकारच्याच रुक्ष प्रकाशनांची निवड करणाऱ्या संस्थापकांचे हे आणखी एक अनपेक्षित देणे.

ही कपाटे उघडली की काय मिळते, ते एका उदाहरणाने सांगतो. इंदापूर तालुका घ्या. कंपनी सरकारच्या आरंभीच्या वर्षांत प्रिंगल या अधिकाऱ्याने शेताच्या निव्वळ उत्पन्नाचा हिशेब मांडून सारा ठरवला. हिशेब कागदावर देखणा होता. प्रत्यक्षात दर इतके चढे निघाले की गावे ओस पडू लागली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने मोजणी आणि आकारणी केली, दर खाली आणले आणि ३० वर्षे ते बदलणार नाहीत अशी हमी दिली. सबंध मुंबई इलाख्याची रयतवारी या एका कोरड्या तालुक्यात शिजली. मुदत संपताच १८६७ मध्ये फेरआकारणी झाली. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव गगनाला नेले होते. तेजीच्या डोळ्यांनी पाहून सारा वाढवला गेला आणि पाठोपाठ भाव कोसळले. १२ मे १८७५ रोजी जुन्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या घरांवर शेतकरी चालून गेले. त्यांना कर्जखते जाळायची होती. दख्खनचे दंगे म्हणून जे प्रसिद्ध आहेत त्यांची ही सुरुवात. चौकशी आयोगाने सावकारीवर बोट ठेवले, सार्वजनिक सभेच्या मंडळींनी साऱ्यावर. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. यातला प्रत्येक टप्पा छापील कागदांत आहे.

फेरआकारणीचा एखादा अहवाल सावकाश वाचण्यासारखा असतो. आधी तालुक्याच्या हद्दी, जमिनीचा पोत, पाऊस. मग रस्ते आणि बाजाराची गावे, कोणत्या वारी कुठे बाजार भरतो. परिशिष्टांत घरे, नांगर, गाड्या, बैल, विहिरी यांचे मागच्या मोजणीच्या वेळचे आणि आताचे आकडे. जमिनींची खरेदी, गहाण, खंड यांचे व्यवहार. गावागणिक दर. त्यावर कलेक्टरचा शेरा, कमिशनरचा शेरा आणि शेवटी सरकारी ठराव. वाचताना एक गोष्ट विसरू नये. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला सारा वाढवायचा आहे. म्हणून कौलारू घर दिसले की त्याला भरभराट दिसते, नवी बैलगाडी दिसली की सुबत्ता. त्याच गाडीवर कर्ज किती आहे ते त्याच्या रकान्यात मावत नाही. बायका, शेतमजूर आणि डोंगरातले कातकरी-ठाकर या कागदांत ओझरतेच येतात.

म्हणून एकाच कागदावर थांबू नये. पिंपळे सौदागर या आज उंच इमारतींनी भरलेल्या पुण्याच्या उपनगरावर शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी १९१७ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. तिथले सरासरी धारण क्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते आणि १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले, असे त्यांनी दाखवले. सारा, सावकार आणि वाटण्या यांचा संबंध त्यांनी घरोघर जाऊन तपासला. जमाबंदीच्या अहवालाशेजारी असे पुस्तक ठेवले की चित्र भरते. त्यात कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या गॅझेटियरचा खंड घाला, म्हणजे पुण्याचा अठरावा, साताऱ्याचा एकोणिसावा, सोलापूरचा विसावा. गॅझेटियरपासून सुरुवात करावी पण तिथे मुक्काम करू नये, असे आमच्याकडचे जुने लोक सांगत.

शोधताना गावांची नावे जुन्या इंग्रजी वळणाने टाइप करून पाहावीत. एका वळणाने सापडले नाही तर दुसऱ्याने सापडते. तालुक्यांच्या हद्दीही बदलल्या आहेत. आपले गाव आज ज्या तालुक्यात आहे त्यात ते दीडशे वर्षांपूर्वी असेलच असे नाही. कोकणातल्या मंडळींनी खोतीचे कागद जरूर पाहावेत. १८८० चा खोती कायदा, १९३७ साली बाबासाहेबांनी मांडलेले विधेयक, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, हा सत्तर वर्षांचा झगडा कुळांच्या बाजूने अजून पुरता लिहिला गेलेला नाही.

आजचे काम

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले. त्यातली पुष्कळ पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर उतरवून घेतलेली होती म्हणून वाचली, आणि त्यांत आपल्या शिक्क्याचीही आहेत. स्कॅन करून ठेवले म्हणजे कायमचे जपले, हा भ्रम त्या वेळी गेला. प्रती एकाहून अधिक ठिकाणी हव्यात आणि मूळ पुस्तकही जपायला हवे. २०२० च्या टाळेबंदीत सगळीकडचे वाचनकक्ष बंद असताना पडद्यावरच्या कपाटाची किंमत सर्वांना कळली.

आज अडीच लाखांच्या पुढे गेलेला संग्रह, डिजिटल भांडार आणि वाचनकक्ष हे तिन्ही एकाच वेळी सांभाळायचे आहे. माणसे आणि पैसा पूर्वीसारखेच बेताचे. शिपायापासून ग्रंथपालापर्यंत अनेकांनी धूळ खात, पुस्तके उचलत, दाखल क्रमांक जुळवत हे उभे केले आहे. त्यांच्यापैकी कोणाचेही तैलचित्र भिंतीवर नाही. या स्मरणिकेतली ही पाने त्या सर्वांची आहेत.

राहिलेले काम बरेच आहे. घडीचे नकाशे पुन्हा नीट स्कॅन करायचे आहेत. मराठी पुस्तकांचा मजकूर शोधता येईल असा करायचा आहे. शिवाय एक उणीव संग्रहाच्या मुळातलीच आहे. संस्थापकांनी सरकारने छापलेले जमवले. गावाने लिहिलेले फारसे आले नाही. विविध कार्यकारी सोसायट्यांची इतिवृत्ते, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, तालुका लोकल बोर्डाचे ठराव, गिरणगावातल्या गावकरी मंडळांच्या वह्या, जत्रांच्या जमाखर्चाची बाडे, जिल्हा साप्ताहिकांच्या फायली असे कागद अजून गावोगाव माळ्यांवर आहेत. ज्या वाचकांच्या घरी किंवा संस्थेत असे काही असेल त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या विद्यापीठ ग्रंथालयाला किंवा आम्हाला कळवावे. मूळ कागद देण्याची गरज नाही. चार दिवस वापरायला मिळाले तरी स्कॅन करून परत करता येतात.